टोपीतला दगड

बाबांनी माझ्या लग्नासाठी देवळात कौल लावला, ते साल २०११. भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली की देव हो म्हणाला. मी तिथंच बोललो, "बाबा, पाकळी सुकली की पडणारच." बाबा गप्प. चपला घातल्या आणि डिचोली स्टँडपर्यंत माझ्या दोन पावलं पुढं चालत राहिले.

त्याआधी दोन वर्षं बेंगळुरूला नोकरीत असताना मी मॉर्मन झालो होतो, म्हणजे एका ख्रिस्ती मंडळीचा सभासद. (२०१८पासून आमचे वडीलधारे 'मॉर्मन' म्हणू नका म्हणतात, पण मंडळीचं पूर्ण नाव सांगेपर्यंत बस सुटते.) दारू, चहा, कॉफी बंद. मिळकतीचा दहावा हिस्सा मंडळीला. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. उपासाचं आईला कौतुक, चहाचं दुःख. चहा नको म्हणणारा माणूस आमच्याकडे आजारी तरी असतो, नाहीतर रुसलेला.

उपासाच्या रविवारी उभं राहून साक्ष देतात. मी ठणकावून सांगायचो, "मला ठाऊक आहे, हे खरं आहे."

२०१६च्या पावसाळ्यात एका रात्री मंडळीच्याच वेबसाइटवरचा निबंध वाचला. मंडळीचा संस्थापक जोसेफ स्मिथ मजकूर कोरलेले सोन्याचे पत्रे पुढ्यात घेऊन, बोट फिरवत आमचा धर्मग्रंथ 'मॉर्मनचं पुस्तक' सांगतोय, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. निबंध म्हणत होता, टोपीत दगड ठेवून, उजेड येऊ नये म्हणून तोंड टोपीत खुपसून तो मजकूर सांगायचा. तरुणपणी हरवलेल्या वस्तू शोधायलाही असाच दगड वापरायचा. २०१५ साली मंडळीनं त्या दगडाचा फोटोही छापला होता: तपकिरी, अंड्यासारखा, गुळगुळीत. फोटो मोठा करकरून पाहिला. डोळ्यांपुढं आली ती स्टँडकडं चालणारी बाबांची पाठ.

राग दगडाचा नव्हता. मला शिकवणाऱ्यांपैकी एकानंही हे सांगितलं नव्हतं, त्याचा होता. विचारलं तर "प्रार्थना कर." मी जायचंच सोडलं. दहावा हिस्साही थांबला. चहा मात्र जमला नाही. एक घोट घेतला आणि कप आईकडं सरकवला.

मार्च २०२०मध्ये सभा बंद झाल्या, घरीच प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत प्रार्थना करून पाव आणि पाणी घेणं) करायची मुभा आली. बेंगळुरूच्या जुन्या शाखाध्यक्षांचा फोन, "घरी करशील?" हो का म्हणालो, अजून सांगता येत नाही. संचारबंदीत पोदेर येत नव्हता, पाव कुठला! आई म्हणाली, "भाकरी चालते?" चालते. तांदळाची भाकरी मोडली, पेल्यात पाणी ओतलं, ठरलेली प्रार्थना शब्दन् शब्द वाचली. शेकडो वेळा ऐकलेली. त्या दिवशी लक्षात आलं, तिच्यात 'ठाऊक आहे' कुठंच नाही. पुत्राचं, म्हणजे येशूचं, नाव स्वतःवर घ्यायला 'तयार आहेत', एवढंच.

बाबा दारात उभे होते. तुकडा पुढं केला. त्यांनी कपाळाला लावून तोंडात टाकला.

आता पुन्हा जातो. साक्षीला उभा राहिलो की "भरवसा आहे" म्हणतो. एकदोघांच्या भुवया वर जातात. दगडाचं कोडं आहे तिथंच आहे.

गेल्या वर्षी घर दुरुस्तीचा कौल लावायला बाबांना मीच स्कूटरवरून नेलं. बराच वेळ पाकळी पडेना. बाबा म्हणाले, "घाई असेल तर तू जा रे."

थांबलो.