दिवाळीचा किल्ला: कोणत्या वयाला कोणतं काम

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की अंगणात विटा जमू लागतात. मात्र बऱ्याच घरांत पोरं आठवी-नववीत गेली की किल्ला बंद पडतो आणि खापर फुटतं अभ्यासावर. खरं म्हणजे चौथ्या वर्षी हातात दिलेलं पाण्याचं भांडं चौदाव्या वर्षीही तेच असेल, तर कोण थांबेल?

सगळ्यात धाकट्याकडे अळीव. वसुबारसेच्या पाच दिवस आधी पेरायचे. थंडी लवकर पडली असेल तर सहा. पावकिलो आणू नका, तीन बाय तीन फुटांच्या किल्ल्याला पन्नास ग्रॅम भरपूर होतात. अळीव भिजवून पेरायचे नाहीत. पाणी लागताच त्यांना बुळबुळीत आवरण सुटतं, गोळा होतो आणि तो एकाच जागी थापला जातो. कोरडे अळीव मूठभर कोरड्या वाळूत मिसळून ओल्या उतारावर भुरभुरायचे. मग तोच बुळबुळीतपणा उपयोगी पडतो, बी उतारावर चिकटून राहतं. मोहरी मात्र घरंगळत पायथ्याशी येते, आणि गहू इतका उंच वाढतो की तटबंदी दिसेनाशी होते. पेरल्यावर दोन दिवस ओलं सुती फडकं टाकायचं, कोंब दिसले की लगेच काढायचं, नाहीतर रोपं पिवळी पडतात. पाणी स्प्रेनेच. तांब्याने घातलं की बियांसकट माती खंदकात.

सहा-सात वर्षांची पोरं माती चाळतात. तीन घमेली लाल मातीला एक घमेलं काळी, हे प्रमाण चांगलं जमतं. नुसती काळी वाळताना आकसते आणि भेगाळते. नुसता मुरूम पकड धरत नाही. ओंजळभर बारीक कापलेला पेंढा किंवा काथ्या मिसळला की भेगा बऱ्याच कमी होतात. सांगाडा विटा-दगडांचा, वीस-पंचवीस विटा लागतात. त्यावर गोणपाट मातीच्या रबडीत बुडवून पसरायचं आणि हाताने चुण्या पाडायच्या, त्याच सह्याद्रीच्या सोंडा. गोणपाट तागाचंच हवं. सिमेंटच्या प्लॅस्टिक पोत्यावर माती ठरत नाही, रात्रीतून अख्खा कडा घसरतो.

बुरुज नऊ-दहा वर्षांच्या हातांचे. स्टीलच्या पेल्याला आतून कोरडी रांगोळी भुरभुरायची, घट्ट माती दाबून भरायची, पालथा घालून बुडावर एक टिचकी. नाहीच सुटला तर माती जास्त ओली आहे. तटबंदी त्याच दिवशी उभारायची घाई नको. डोंगर एक रात्र बसू द्यावा. पायऱ्या पुठ्ठ्याच्या केल्या तर दुसऱ्या दिवशी लगदा होतो. माती थोडी आवळली की बोथट सुरीने कापलेल्या पायऱ्या टिकतात.

बारा-तेरानंतर खरी गंमत, कारण आता ‘एक किल्ला’ नाही, ‘राजगड’ करायचा. मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाट सोंडा. नकाशा आधी जमिनीवर खडूने काढायचा. सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, पेन्सिल आरपार घालून होतं, पण माती अर्धवट वाळल्यावरच. ओल्या मातीत भोक मिटतं. सिंधुदुर्ग निवडला तर खंदकाऐवजी समुद्र लागतो, म्हणजे खाली जाड प्लॅस्टिक आणि कडेने विटांचा बांध. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेले बारा किल्ले दरवर्षी एक असे घेतले, तरी पोरगं कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत विषय संपत नाही. त्यातला जिंजी तमिळनाडूतला, बाकीचे अकरा महाराष्ट्रातले.

प्रमाणाचं भांडण याच वयात सुरू होतं. मावळा दोन इंची असेल तर त्याच्या मापाने ८२० मीटरचा रायगड साधारण २५ मीटर उंच करावा लागेल! तोडगा असा: मोठे मावळे पुढे पायथ्याशी, वर जाल तसे लहान. महाराजांना हा नियम लागू नाही. भाजीवाली, गुहेतला वाघ आणि गडावरचं हेलिकॉप्टर यांनाही नाही, धाकट्यांशी यावरून वाद घालू नये.

परतीचा पाऊस संध्याकाळीच गाठतो. ताडपत्री थेट किल्ल्यावर टाकली की बुरुज चेपतात. चार काठ्यांवर, एका बाजूला उतार देऊन बांधावी. गुहेत पणती ठेवायची तर आत चारी बाजूंनी विटा हव्यात, गोणपाट वाळलं की लगेच पेट घेतं. शंका असेल तर बॅटरीवरची माळ सोडावी.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडायचा. आधी मावळे पुसून वर्तमानपत्रात गुंडाळायचे, मग गोणपाट आणि प्लॅस्टिक ओढून काढायचं. माती कुंड्यांत जाते. विटा मात्र झाकून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी निम्म्याच सापडतात.