दोन आटे राहिले होते

कामावर माझ्याइतकं रिकामं दिसणारं माणूस दुसरं नसतं. गाडीवरच्या बूमच्या, म्हणजे वरखाली होणाऱ्या लांब दांड्याच्या, टोकाशी असलेल्या बकेटमध्ये चढलेला लाईनमन पाना फिरवत असतो, बूमवाला लिव्हर धरून असतो, खाली दोघं शंकू सरकवत गाड्यांना वाट दाखवतात. मी रस्त्याच्या पलीकडे, गळ्यात शिट्टी अडकवून नुसता वर बघत उभा. येणारेजाणारे विचारतात, ‘तुम्ही साहेब का?’ साहेब वेगळे. मी स्पॉटर. हातात पाना घ्यायचा नाही, फोन घ्यायचा नाही, शंकू आडवा झाला तरी उचलायला जायचं नाही. बकेट आणि विजेची तार यांच्यामधलं अंतर बघत राहायचं, एवढंच काम.

ते खांबाच्या बुडाशी उभं राहून जमत नाही. खालून मान वर करून पाहिलं की बकेट आणि तार एकमेकांवर चिकटल्यासारखी दिसतात. मध्ये एक मीटर आहे की चार, कळायला मार्ग नाही. म्हणून लाईनच्या बाजूला, काटकोनात आणि ऊन पाठीशी घेऊन उभं राहायचं. नवी पोरं हटकून बूमच्या गाडीजवळ सावलीत उभी राहतात. तिथून काही दिसत नसतं.

त्या रस्त्यावर आम्ही सोडियमचे जुने दिवे उतरवून एलईडी बसवत होतो. 250 वॉटचा पिवळा दिवा, चोक धरला तर पावणेतीनशेच्या आसपास ओढणारा. त्याच्या जागी 120 वॉटचा. फिटिंग बदलणं सोपं. त्रास ब्रॅकेटचा होता. जुन्या ब्रॅकेटचा वर उचललेला कोन एलईडीला चालत नाही, उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो. त्यामुळे ब्रॅकेटही बदलायचे. हे ब्रॅकेट म्हणजे खांबाच्या डोक्यावर टोपीसारखी बसवलेली नळी. बोल्ट सैल करून ती सरळ वर उचलावी लागते, आणि वर उचलायची म्हणजे तारेच्या दिशेनं न्यायची.

वर 11 केव्हीची, म्हणजे 11 हजार व्होल्टची, लाईन होती, दिव्यांच्या रांगेच्या जवळजवळ डोक्यावरून जाणारी, आणि ती चालू होती. तिच्यावर बरंच काही अवलंबून असल्यानं दिवसभराचं शटडाऊन मिळालं नव्हतं. दिव्यांची आमची लाईन मात्र फीडर पिलरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीत, बंद केलेली, फ्यूज काढून मामांच्या खिशात. मामा म्हणजे आमचे जुने लाईनमन. कुणाचे मामा ते कुणालाच ठाऊक नाही. सगळे मामाच म्हणतात. फ्यूज दुसऱ्या कुणाच्या खिशात ठेवायला ते तयार नसतात.

सकाळी कामाच्या परवान्यावर मापं लिहिली. फिटिंग साडेसात मीटरवर. बकेटमधल्या माणसाचं हेल्मेट आणि उचललेल्या ब्रॅकेटचं टोक धरून सव्वाआठ. सगळ्यांत खालची तार 11.5 मीटर. मधे राहिले 3.25. आमची मर्यादा 3 मीटरची. 10 फुटांचा हा आकडा पुष्कळ ठिकाणी चालतो. साहेबांनी सही केली आणि काम सुरू झालं.

हे 3 मीटर पुष्कळांना अती वाटतात. खरं आहे, 11 केव्हीची ठिणगी हवेतून उडी मारून किती मारेल? एखाददोन सेंटिमीटर. पण बूम झुलतो, माणूस वळतो, वारं आलं की तार हलते, आणि पाना लावून जोर करणारा माणूस वर बघत नाही. उरलेले दोन मीटर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर या सगळ्यांसाठी असतात. ‘बकेट फायबरचं आहे, काही होत नाही’ हे वाक्यही मी फार ऐकतो. बकेट तुम्हाला गाडीपासून तोडतं. पण एक हात तारेला आणि दुसरा अर्थिंग केलेल्या लोखंडी खांबाला लागला, तर बकेट कशाचं आहे याला काही अर्थ उरत नाही. मामांचा दुसरा हात खांबावरच असतो, कारण काम तिथंच असतं.

सकाळचे खांब भराभर झाले. मग एक अडला. पहिला बोल्ट निघाला, दुसरा गंजून एकजीव झालेला. मामांनी तेल मारलं, वाट बघितली, पुन्हा मारलं, ठोकलं. जेवणाची सुट्टी झाली, परत येऊन पुन्हा तेच. साडेअकराला त्या खांबाशी लागलो होतो आणि दोन वाजून गेले तरी तिथंच होतो. बोल्ट पाव आटा फिरायचा आणि अडायचा. ऊन चढलं होतं आणि वारं पार पडलेलं.

एकाच जागी इतका वेळ उभं राहण्याचा एक फायदा होतो. मी डांबरावर खडूची रेघ ओढून तिच्यावर पाय ठेवतो, म्हणजे सरकलो तर कळतं. त्या रेघेवरून पाहिलं की तारेच्या मागे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्याचा छज्जा दिसायचा. साडेअकराला तार छज्ज्याच्या वर होती, मधे आकाशाची बारीक पट्टी. जेवून आलो तेव्हा ती पट्टी नव्हती. थोड्या वेळानं तार छज्ज्याच्या रंगावर आली आणि मग त्याच्या खालून दिसू लागली.

मी शिट्टी मारली.

बूमवाल्यानं लिव्हर सोडला. मामा वरून ओरडले, ‘आता काय झालं रे? दोनच आटे राहिलेत!’

‘मामा, खाली या.’

‘अरे, दोन आटे!’

‘आधी खाली या, मग सांगतो.’

मामांची एक गोष्ट मला आवडते. भांडतात, पण शिट्टीनंतर वर थांबून भांडत नाहीत. ब्रॅकेट आधीच दोरानं खांबाला बांधलेला होता, त्याची गाठ त्यांनी एकदा ओढून बघितली आणि बकेट खाली आलं.

साहेब आले. त्यांना मी छज्जा दाखवला. त्यांनी परवाना दाखवला. ‘सकाळी 3.25 आहे. ना खांब हलला, ना बूम वर गेला. मग?’

‘तार खाली आली आहे, साहेब.’

बाजूला ठेकेदाराचा माणूस हसला. त्याचं हसणं मी समजू शकतो. तार खाली येते हे वाक्यच ऐकायला विचित्र वाटतं. पण तार धातूची आहे. ऊन लागलं की तापते, दुपारी लोकांचे एसी सुरू झाले की तिच्यातून जास्त करंट जातो आणि ती आतूनही तापते, आणि वारा नसला तर तिला थंड करायला काही नसतं. त्या दुपारी तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या. दोन खांबांमधला गाळा 50 मीटरचा असेल आणि तारेचं तापमान 30 अंशांनी चढलं, तर तार लांबते जेमतेम 3 सेंटिमीटर. ऐकून कुणालाही वाटेल, सोडा, तीन सेंटिमीटरनं काय होतं! पण कपड्यांची ताणून बांधलेली दोरी बोटभर ढिली करून बघा, मध्ये किती लोंबते ते. तारेचा झोळ, म्हणजे मध्यावरचं लोंबणं, 60 सेंटिमीटरचा असेल तर त्या तीन सेंटिमीटरनं तो 30 सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. आमच्याकडे 3 मीटरच्या मर्यादेवर शिल्लक किती होतं? 25.

‘मीटर आणा,’ साहेब म्हणाले. त्यांनी वाद न वाढवता मीटर मागवलं, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

आमचं मीटर अल्ट्रासॉनिक. तारेखाली जमिनीवर ठेवायचं. आवाज वर जातो, तारेवर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून उंची दिसते. बूमवाल्यानं गाडीतून आणलं, लावलं. 11.45.

‘पाच सेंटिमीटर,’ साहेब म्हणाले. ‘3.20 आहे अजून. पाच सेंटिमीटरसाठी तुम्ही काम थांबवलंत?’

ठेकेदाराचा माणूस घड्याळ बघू लागला. वाहतूक वळवण्याची परवानगी पाचपर्यंतच होती. मामा काही बोलले नाहीत, पण पाना परत हातात घेतला होता. मी पुन्हा खडूच्या रेघेवर जाऊन पाहिलं. तार छज्ज्याच्या खालीच. पाच सेंटिमीटरनं एवढं दिसणार नाही, हे डोळा सांगत होता. आकडा वेगळं सांगत होता. आणि डोळ्याच्या भरवशावर साहेबांशी किती भांडणार?

तेवढ्यात बूमवाला मीटर या हातातून त्या हातात घेत म्हणाला, ‘काचेखाली ठेवलं होतं, हाताला चटका बसतोय.’

आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. गरम हवेत तो जास्त असतो. म्हणून अशा मीटरमध्ये तापमान ओळखायची सोय असते आणि त्याप्रमाणे ते हिशेब करतं. पण ते तापमान मोजतं स्वतःच्या अंगाचं. गाडीच्या काचेखाली उन्हात भाजलेल्या मीटरला वाटतं, बाहेरही एवढीच आग आहे, आवाज जोरात पळतोय. मग त्याच वेळात तो जास्त अंतर गेला असं धरून ते उंची वाढवून दाखवतं. पंधराएक अंशांचा फरक असला की 11 मीटरला पाव मीटरची चूक सहज होते.

हे मी साहेबांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘ठेवा सावलीत. बघू.’

ती वीस मिनिटं फार लांब गेली. मीटर झाडाखाली ठेवलेलं आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती, जसं काही ते बोलणार आहे. मामांनी मला हळूच विचारलं, ‘नक्की ना रे?’ मी म्हटलं, ‘मामा, तुम्ही वर असताना मी खात्री करत बसू का?’ त्यावर ते गप्प बसले. खरं सांगायचं तर तोवर माझीही धाकधूक सुरू झाली होती.

पुन्हा लावलं. 11.2. जागा जरा बदलून परत. 11.2. 3.25 चे झाले होते 2.95. आम्ही तारेजवळ गेलो नव्हतो. गंजलेल्या बोल्टाशी झटत बसलो होतो तेवढ्यात तारच जवळ आली होती.

बाकीच्या खांबांवर हे का जाणवलं नाही, तेही मग लक्षात आलं. ते सकाळच्या गारव्यात झाले, हे एक. दुसरं म्हणजे झोळ सगळीकडे सारखा वाढत नाही. लाईनच्या खांबापाशी तार जिथल्या तिथे असते, गाळ्याच्या मध्यावर सगळ्यांत जास्त उतरते. आमचे दिव्यांचे खांब 30 मीटरवर, लाईनचे 50 वर. त्यामुळे दर पाच दिव्यांतले दोन गाळ्याच्या मध्याच्या अगदी जवळ पडतात. हा त्यातला होता.

साहेबांनी फोन लावला. ब्रॅकेट अर्धा सुटलेला असताना वाहतूक सोडता येत नव्हती आणि चालू लाईनखाली मामांना वर पाठवता येत नव्हतं. कंट्रोल रूमनं आधी नकार दिला, मग साडेचारला अर्धा तास देऊ म्हणाले. तोवर सगळ्यांनी सावली धरली. ठेकेदाराचा माणूस मोजून सांगत होता, दोन आट्यांसाठी किती माणसांचे किती तास गेले. हिशेब चुकीचा नव्हता.

साडेचारला शटडाऊन मिळालं. आयसोलेटर, म्हणजे लाईन तोडणारा खांबावरचा स्विच, उघडल्याचं डोळ्यांनी पाहिलं, कुलूप, पाटी. मामांनी काठीवरचा टेस्टर तारेजवळ नेला आणि तो वाजला. थांबत थांबत, पण वाजला. माझ्या पोटात गोळा आला. पहिली शंका कुणाच्या तरी जनरेटरची, उलटा सप्लाय येत असल्याची. पुन्हा फोन, पुन्हा आयसोलेटर बघणं. शेवटी निघालं ते असं, की चौकापलीकडे ही लाईन दुसऱ्या चालू लाईनबरोबर त्याच खांबांवरून जाते, आणि तिचा परिणाम हिच्यात उतरत होता. दाब मोजणारी काठी लावली तर 11 केव्हीच्या जवळपासही काही नव्हतं. मामांनी दोन्ही बाजूंना अर्थिंग लावलं, टेस्टर गप्प झाला. ‘बंद लाईनसुद्धा गुरगुरते,’ ते म्हणाले आणि बकेटमध्ये चढले.

दोन आटे निघायला पाच मिनिटंही लागली नाहीत. इतक्या वेळात मुरलेल्या तेलानं बोल्ट आपणच सुटल्यासारखा आला. नवा ब्रॅकेट, नवं फिटिंग, अर्थिंग काढलं, परवाना परत केला. पाच वाजून गेले होते. वाहतूक पोलिसानं दोन वेळा येऊन विचारलं.

दिवसाच्या अहवालात उशिराचं कारण ‘तांत्रिक’ असं लिहिलं गेलं. मला ते पटलं नाही. तांत्रिक म्हणजे काहीही. मी साहेबांना म्हटलं, निदान परवान्यावर मापापुढे वेळ लिहायची जागा तरी करू. 11.5 हे सकाळचं माप आहे, तारेची कायमची उंची नाही. ते कुरकुरले, फॉर्म बदलायला वरून मंजुरी लागते म्हणाले. मग पेन घेऊन स्वतःच रेघ मारली आणि रकान्यावर ‘वेळ’ लिहिलं. त्याखाली मी भरलं: 11.2, दुपारी 3.05.

आता मध्यावरचे खांब आम्ही सकाळी आधी घेतो, आणि दुपारी काम चालूच असलं तर माप पुन्हा. त्या खांबांवर आदल्या दिवशी खडूनं फुली मारून ठेवायचं काम बूमवाल्याकडे आहे. मीटरही तोच सांभाळतो. त्याच्यासाठी त्यानं सीटखाली एक डबा केलाय.