पॅलेडियमने फक्त नारळ फोडावा

आमच्या प्लांटमध्ये हायड्रोजनेशनला, म्हणजे रेणूत हायड्रोजन जोडायला, पाच टक्के पॅलेडियम ऑन कार्बन (कार्बनवर बसवलेलं पॅलेडियम) हा कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, लागतो. बॅच संपली की फिल्टरवरची काळी पेस्ट ओली असतानाच ड्रममध्ये भरायची (वाळली की हवेत पेट घेऊ शकते) आणि धातू परत मिळवायला पाठवायची. स्टोअरवाले तिचा हिशेब ग्रॅमात ठेवतात. त्यामुळे हायड्रोजन स्पिलओव्हर हा विषय निघाला की माझे कान टवकारतात.

हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे 436 किलोज्यूल लागतात. प्लॅटिनम, पॅलेडियम ते काम साध्या तापमानाला करून टाकतात. पण सुटे झालेले अणू धातूवरच बसून राहिले पाहिजेत असं थोडंच आहे? ते शेजारच्या स्वस्त ऑक्साइडवर उतरून तिथेही कामाला लागू शकतात, हाच स्पिलओव्हर. नारळ फोडणारा एक, खोवणाऱ्या चौघी.

याचा सगळ्यात देखणा पुरावा 1964 मधला. खूबियार यांनी पिवळ्या टंगस्टन ऑक्साइडच्या भुकटीत प्लॅटिनम-ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडवर बसवलेलं प्लॅटिनम) नुसतं मिसळून वर हायड्रोजन सोडला. भुकटी निळी पडली, तीही खोलीच्या तापमानाला. एकट्या ऑक्साइडवर तसाच हायड्रोजन सोडून बघा, पिवळं ते पिवळंच. मी काचेच्या नळीत करून पाहिलंय: आधी हिरवट झाक येते, मग निळा रंग गडद होत जातो, आणि हवा आत घेतली की उतरायला लागतो.

आता हे सगळ्याच आधारांवर, म्हणजे धातूचे कण ज्यावर बसवतात त्या पदार्थांवर, होतं का? नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. 2017 मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटच्या गटाने प्लॅटिनमचे आणि लोह ऑक्साइडचे कण नॅनोमीटरच्या हिशेबाने अंतर ठेवून मांडले. टायटॅनियावर (टायटॅनियम ऑक्साइडवर) हायड्रोजन सगळीकडे पोचला. ॲल्युमिनावर 15 नॅनोमीटरच्या आसपास दमला. वेगात फरक किती, तर दहाच्या दहाव्या घाताइतका. टायटॅनियम इलेक्ट्रॉन पोटात घेऊ शकतं, त्यामुळे प्रोटॉनला वाट मिळते. ॲल्युमिनियमला ते जमत नाही.

कार्बनबद्दल मला अजून खात्री नाही. धड, निर्दोष कार्बनवर हायड्रोजनचा अणू उतरायलाच राजी नसतो, असं गणितं सांगतात. म्हणून कोणी कॅटॅलिस्ट विकायला येऊन ‘स्पिलओव्हरमुळे निम्म्या पॅलेडियमवर भागेल’ म्हणाला की मी आधी आधार विचारते, मग कणांमधलं अंतर, मग ओलावा किती धरलाय ते. पहिल्याच प्रश्नाला बरेच जण बॅगेतून कॅलेंडर काढतात.