तुम्ही विचारलंत म्हणून: नवी मुंबईत कसला आलाय वारसा?

सुट्टीच्या दिवशी मी सोसायटीतल्या मुलांना घेऊन गावठाणात जाते हे कळलं, की प्रश्न ठरलेला: "अहो, हे शहर वसवणारी सिडकोच मुळी १९७० ची. इथे जुनं बघायला आहे काय?"

ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर बसलंय. बेलापूरचा किल्ला आहेच, तो बघावाच. पण मला मुलांना आधी भेटवायची असतात ती गावठाणातली वडीलधारी माणसं.

एकदा एका आजोबांनी ओट्यावर बसून, खडूने फरशीवर रेघा ओढत खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली शेती समजावली. खाडीचं पाणी अडवायला बांध, बांधात उघाडी, म्हणजे झडपेचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की खाडीच ती झडप घट्ट लावून टाकते. आत खारेपणा सोसणारा राता पिकायचा, लाल दाण्याचा भात. बांध फुटला तर सगळ्यांचीच शेतं खारी, म्हणून अख्खा गाव चिखलात उतरायचा. मुलं पार गुंगून गेली होती. त्यांच्या इमारतीखाली काय होतं हे त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

जमीन कशी गेली हेही मी सांगते. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, जमिनी गेलेल्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले ते या लढ्यामुळे. इथे फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती धवलारणींची. इथल्या आगरी समाजाच्या लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचे धवले, म्हणजे लग्नगीतं, ह्या बायका गातात, विधीही त्याच चालवतात. सगळं तोंडपाठ, एकीचं ऐकून दुसरी शिकलेली. आता हळदीला डीजे लागतो आणि शिकायला बसणाऱ्या मुली कमी होत चालल्यात. किल्ल्याची डागडुजी उद्याही करता येईल, धवले मात्र आत्ताच ऐकून घ्यायला हवेत.

तुम्हालाही यायचं असेल तर जरूर या. फक्त रेकॉर्डिंगसाठी फोन पुढे करण्याआधी आजींना विचारा, त्या नको म्हणाल्या तर नुसतं ऐका, आणि केलंत तर त्याची एक प्रत आधी त्यांच्या नातवंडांना द्या.