सेवापुस्तक

माळ्यावरची ट्रंक आवरताना बाबांचं सेवापुस्तक सापडलं. एकतीस वर्षांची नोकरी, आणि त्यात बाबा कुठेच नाहीत. नेमणूक, बदली, वेतनवाढ, बदली, रजा, पुन्हा बदली. एका पानावर आडनावातली चुकलेली वेलांटी खोडलेली आणि त्या खाडाखोडीवर साहेबांची सही.

मला जुन्या जहाजांविषयी वाचायची खोड आहे. पानं उलटताना 'द्युगे-त्रुएँ' आठवलं. फ्रेंच आरमाराचं शिडाचं लढाऊ जहाज, 74 तोफांचं. 1800 मध्ये रोशफोरच्या गोदीत पाण्यात उतरलं. नाव सँ-मालोच्या एका दर्यावर्दी लढवय्याचं, ज्यानं 1711 मध्ये रिओ दि जानेरो काबीज करून खंडणी उकळली होती. एवढं दांडगं नाव, पण फ्रेंच चाकरी जेमतेम पाच वर्षांची. 1805 च्या ऑक्टोबरात ट्रफाल्गारला, इंग्रजांनी जिंकलेल्या त्या मोठ्या आरमारी लढाईत, ते फ्रेंच सेनानी द्युमान्वारच्या तुकडीत होतं. ही तुकडी आघाडीला. मागे लढाई पेटलेली, वारा पडलेला, वळायलाच इतका उशीर झाला की तोवर निकाल लागत आला होता. चार जहाजं तिथून निसटली, त्यांत हे एक. पंधरा दिवसांनी स्पेनच्या ऑर्तेगाल भूशिराजवळ इंग्रजांनी चारही धरली. 'द्युगे-त्रुएँ'चा कप्तान तुफे त्या लढाईत मारला गेला.

इथून बदली. बदली कसली, थेट शत्रूच्या आस्थापनेवर! नाव 'इंप्लॅकेबल', म्हणजे कशानंही न बधणारा. माणसं अशी बाजू बदलली की आपण त्यांना फितूर म्हणतो; लाकडाला कोण विचारतो? 1808 मध्ये ते बाल्टिकमध्ये रशियनांशी लढलं, 1840 मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर गेलं. 1855 पासून डेव्हनपोर्टला मुलांना नाविकपण शिकवणारं जहाज झालं. लढवय्याचा मास्तर झाला आणि मास्तरकीतच त्याची खरी नोकरी गेली.

म्हातारपणी पोर्ट्समथला त्याला शेजार मिळाला तो मुंबईचा. 'ट्रिंकोमली' ही फ्रिगेट, म्हणजे हलकी, वेगवान युद्धनौका, वाडियांनी 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत मलबारी सागातून बांधलेली. तिचा आराखडा मात्र मुळात इंग्रजांनी पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावरून उतरवलेला. आणि आता तिचं नाव काय, तर 'फुद्रॉयाँ'! मुंबईच्या जहाजाला फ्रेंच नाव, फ्रेंच जहाजाला इंग्रजी, आणि दोघं इंग्लंडच्या खाडीत पोरांना दोरखंडाच्या गाठी शिकवताहेत. कुठल्या कारकुनानं हे पुस्तक नीट ठेवलं असतं?

दुसऱ्या महायुद्धानंतर 'इंप्लॅकेबल'ची डागडुजी इंग्रज सरकारला झेपेना. फ्रान्सला विचारलं, तिकडूनही नकार. मग पिछाडीचं नक्षीकाम आणि नाळेवरची मूर्ती काढून ग्रिनिचच्या संग्रहालयासाठी ठेवली आणि 2 डिसेंबर 1949 ला बाकीचं जहाज इंग्लिश खाडीत बुडवायला नेलं. त्यावर दोन्ही झेंडे फडकवले होते, ब्रिटिश आणि फ्रेंच. पाच वर्षांची पहिली चाकरी, 144 वर्षांची दुसरी, आणि निरोपाला मान दोघींना सारखाच. एरवी सलामी वगैरेंत मला फारसा रस नसतो. पण त्या दिवशीचं वाचताना थांबलो. सुरुंग उडाले, तळ फुटला, पण जहाज बुडेना. झेंड्यांसकट तासन्तास तरंगत राहिलं. 'न बधणारा' हे नाव इंग्रजांनीच दिलं होतं म्हणा.

शेजारीण मात्र अजून आहे. हार्टलपूलला, पाण्यावर. सागाचं लाकूड, दुसरं काय! 1992 मध्ये तिला 'ट्रिंकोमली' हे मूळ नावही परत मिळालं. सुमारे नव्वद वर्षांनी.

बाबांची वेलांटी नऊ वर्षांत दुरुस्त झाली होती. तारखा मी दोनदा ताडून पाहिल्या.