पदर आणि सेरगु

बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना, म्हणजे दीपा भास्ती यांनी केलेल्या त्यांच्या इंग्रजी अनुवादाला, २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले, तेव्हा ठाण्यातल्या आमच्या वाचनगटातल्या सहाही जणांनी ते पुस्तक इंग्रजीतच मागवले. पाचपाखाडीत एका मैत्रिणीच्या घरी महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही जमतो. पोह्यांच्या बश्या रिकाम्या होईपर्यंत चर्चा बरीच रंगली होती. कर्नाटकातल्या हासन गावच्या कथा आपण इंग्लंडमार्गे वाचल्या, हे मात्र कुणाच्या मनातही आले नव्हते. ते लक्षात आणून दिले शेजारच्या दारातून साखर मागायला आलेल्या काकूंनी. त्यांचे माहेर धारवाडचे. ‘अगं, सोलापूरची गाडी धरून जाता येतं तिथे लंडनला कशाला गेलात?’ असे त्या म्हणाल्या आणि साखर न घेताच बसल्या.

त्या दिवसापासून काकू आमच्यातल्या झाल्या आणि आम्ही एक वेगळाच उद्योग आरंभला. एका कन्नड मासिकातली कथा काकूंनी मोठ्याने वाचायची, अडले तिथे अर्थ सांगायचा आणि आम्ही ती मराठीत उतरवायची. (कथेचे नाव देत नाही, कारण लेखकाची परवानगी घेतलेली नाही, हा खटाटोप आमच्यापुरताच आहे.) आमच्यापैकी कुणालाही कन्नड लिपी येत नाही, याची सुरुवातीला लाज वाटत होती. पुढे आठवले की उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या त्याही कानांवाटेच: पती विरुपाक्ष यांनी वाचून ध्वनिमुद्रित केलेले कन्नड ऐकत ऐकत. त्यांची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही, पण वाट मळलेली आहे एवढा धीर आला.

पहिल्याच पानावर एक वाक्य आले: ‘सेरगोड्डी बेडिदळु.’ सेरगु म्हणजे पदर, हे काकूंनी स्वतःच्या खांद्यावरचा पदर चिमटीत धरून दाखवले, आणि पुढचे त्यांनी सांगायच्या आधीच दोघीतिघींच्या तोंडून निघाले, ‘तिने पदर पसरला.’ वस्त्र तेच, हातांची ती लाचार हालचाल तीच आणि वाक्प्रचारही तोच. इंग्रजीत हे नेताना साडीचे सुटे टोक म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते आणि एखादी बाई ते कुणापुढे का धरते, हे तर वेगळेच सांगावे लागते. दीपा भास्ती यांनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरप्या टाइपात न घालता आणि तळटिपांची कुबडी न देता तसेच ठेवले, याचे मोल मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. शब्द समजावून सांगत बसण्यापेक्षा वाचकाला थोडे ठेचकाळू देणे अधिक प्रामाणिक आहे. आम्हाला ठेच लागलीच नाही, कारण शेजारची भाषा.

मात्र ही शेजारीणच घात करते, हे मला माझ्याच मसुद्याने शिकवले. कथेत बायकोला नवऱ्याविषयी ‘अनुमान’ येते. शब्द ओळखीचा, शुद्ध तत्सम. मी विचारण्याचीही तसदी न घेता ‘तिने अनुमान काढले’ असे लिहून मोकळी झाले. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. संशयाने झोप उडालेल्या बाईला मी तर्कशास्त्राच्या वर्गात नेऊन बसवले होते. काकू हसून हसून बेजार झाल्या आणि मग त्यांनी अशा शब्दांची माळच लावली: कन्नडमधला अवसर म्हणजे घाई, संधी नव्हे, प्रपंच म्हणजे सगळे जग, आपला घरसंसार नव्हे. गंमत अशी की ‘संसार’ हा शब्द कन्नडमध्येही घराकुटुंबापाशीच राहतो, हिंदीत मात्र तोच जगभर पसरतो. परका शब्द दिसला की आपण कोश उघडतो. ओळखीचा दिसला की नमस्कार करून पुढे जातो, आणि चूक तिथेच होते. मामा वरेरकरांनी बंगाली शिकून शरच्चंद्र थेट मराठीत आणले, त्यांनाही सारख्या दिसणाऱ्या संस्कृत शब्दांनी किती वेळा चकवले असेल, असे आता वाटते.

या महिन्यात गाडी एका अक्षरावर अडली आहे. कथेतली बायको नवऱ्याला ‘री’ अशी हाक मारते. ‘री’ म्हणजे तंतोतंत आपले ‘अहो’. नाव न घेता, मान राखून आणि थोडे लटके रागावूनही मारलेली हाक. इंग्रजीत याला काहीच नाही, म्हणून आम्ही क्षणभर खूश झालो. पण कथेतले घर मुसलमानाचे आहे, घरात बोलली जाते ती दखनी, म्हणजे दक्षिणेकडची उर्दू बोली, आणि लेखकाने ती बोली आधीच कन्नडमध्ये आणलेली आहे. म्हणजे ‘री’ हाच मुळात एक अनुवाद. आता ‘अहो’ लिहिले तर ती बाई नौपाड्यातल्या एखाद्या वाड्यात राहायला आल्यासारखी वाटते. ‘अजी’ लिहावे तर लेखकाने तो शब्द वापरलेला नाही, तो आम्हाला सुचलेला आहे. गटातल्या एकीची सहकारी शिक्षिका मुंब्र्याला राहते आणि तिच्या आजीच्या तोंडी दखनी आहे. आजी आजोबांना काय म्हणून हाक मारत होत्या, हे विचारायचे ठरले आहे. तोवर वहीत त्या जागी पेन्सिलीने ‘अहो’ लिहून खाली रेघ मारून ठेवली आहे.