खोटा नॉक आणि त्याच्यामागे लपलेला खरा

ट्यूनरचं, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर सेट करणाऱ्याचं, आणि माझं भांडण मिटलं, गाडी मालकाकडे गेली, तरी हे इंजिन डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. नॉक म्हणजे सिलेंडरमधलं उरलेलं हवा-पेट्रोल आपोआप एकदम पेटून बसणारा हादरा. तो ऐकणारा नॉक सेन्सर बंद करून मोकळे होणारे लोक वाचतील तर बरं.

गाडी छोटी हॅचबॅक, १.४ लिटरचं चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन. मालकाला टर्बो नको होता, पाय दिला की लगेच ओढली पाहिजे, म्हणून सुपरचार्जर, म्हणजे इंजिनच्याच बेल्टवर फिरून आत जास्त हवा ढकलणारा ब्लोअर. ब्लोअर आला ईटनचा एम ४५, २००२ ते २००६ च्या मिनी कूपर एस वर असतो तो. तिथे ह्या ब्लोअरच्या मागच्या टोकावरून वॉटर पंप फिरतो, आपल्याला तो ड्राइव्ह नको असतो, त्यामुळे ते तोंड नीट सील करून घ्यावं लागतं. हे काम बघताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि त्यातच वेळ जातो.

पुलीचा हिशोब तसा सोपा आहे. एम ४५ एका फेऱ्यात ४५ घनइंच म्हणजे पाऊण लिटरच्या जरा खाली हवा ढकलतो. १.४ चं फोर स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात फार तर ०.७ लिटर गिळणार. क्रँकच्या एका फेऱ्याला ब्लोअरचे १.६ फेरे होतील अशी पुली घेतली की हवा आली १.१८ लिटर आणि जागा ०.७ ची. जी मावत नाही ती मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, दाबून बसते, तोच बूस्ट. म्हणजे बूस्ट हा इंजिनला न गिळता आलेल्या हवेचा आकडा आहे, हेड चांगलं पोर्ट केलं, म्हणजे त्यातले हवेचे मार्ग घासून मोकळे केले, तर बूस्ट कमी दिसतो आणि ताकद वाढते, पण येणारा प्रत्येकजण पहिलं बूस्टचंच विचारतो, "किती पीएसआय?" व्हिडिओ बघून येतात सगळे.

इंजिन बांधण्यात मी कसर ठेवली नाही. कॉम्प्रेशन (पिस्टन आतली हवा किती पट दाबतो तो आकडा) १०.५ वरून ८.८ वर आणलं आणि ते पिस्टन बदलून आणलं, जाड हेड गॅस्केट घालून नाही. जाड गॅस्केट हा आळशी उपाय, पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली फट वाढते, हवा-पेट्रोल नीट घुसळलं जात नाही आणि जो नॉक टाळायला गेलो तोच वाढतो. पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, २६१८ जातीच्या अल्युमिनियमचे. हे गरम झाल्यावर जास्त फुगतात म्हणून बोअरमध्ये त्यांना जागा जास्त द्यावी लागते, त्यामुळे थंड इंजिनला खटखट आवाज येतो, मालकाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं. पिस्टनच्या टॉप रिंगची गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, ७४ मिलीमीटर बोअरला ०.४४ ठेवली, बूस्ट नसता तर ०.३० पुरली असती. प्रत्येक रिंग त्याच्याच सिलेंडरमध्ये सरळ बसवून, फिलर गेजने बघून, परत काढून एका बाजूने थोडी थोडी घासायची. कंटाळवाणं काम आहे, पण गॅप कमी पडली तर रिंगची दोन्ही टोकं तापून एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची वरची लँडच, म्हणजे रिंगच्या खाचेवरचा काठच, उचकटते. हे काम मी कोणाच्या हातात देत नाही.

ब्लोअरचं ब्रॅकेट आणि प्लेनम (ब्लोअरची हवा चारही सिलेंडरना वाटणारा डबा) मात्र फॅब्रिकेटरकडून आलेलं, मालकाने आधीच करून घेतलेलं. वेल्डिंग दिसायला देखणं, त्याबद्दल बोलायचं काम नाही.

डायनोवर, म्हणजे जागेवरच चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, चढवली. बूस्ट ०.६ बार, मिक्श्चर ११.८ (एक भाग पेट्रोलला इतके भाग हवा), बेल्ट सरकत नव्हता, सगळं छान आणि ४१०० आरपीएमला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सांगतो नॉक. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडायची ते, खटकन ४ डिग्री मागे. ईसीयू टायमिंग मागे घेतो झटक्यात पण परत देतो सावकाश, त्यामुळे तिथून रेडलाइनपर्यंत इंजिन दबलेलंच. ट्यूनर म्हणाला, "दादा, तुमच्या कंबशनमध्ये लोचा आहे." मी प्लग काढून भिंगाखाली धरले, चारही स्वच्छ. म्हणलं नॉक नाहीये, आवाज आहे.

नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकवर बोल्टने आवळलेला एक कान. ७४ च्या बोअरला नॉकचा सूर साधारण ७.७ किलोहर्ट्झला लागतो, सेन्सर तेवढ्या पट्टीतला आवाज ऐकतो, पण त्या पट्टीत दुसरं काही वाजलं तर त्याला काय कळणार? ट्यूनर पोरगा हुशार आहे, पण लॅपटॉपवर आलं की ते खरंच, अशी त्याची श्रद्धा आहे. मग जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं, तरी ४१०० ला सेन्सरच्या सिग्नलची उसळी तशीच. टायमिंग हाताने आणखी ६ डिग्री मागे घेतलं, तरी तशीच. खरा नॉक असता तर यातल्या एकाने तरी गेला असता. तो म्हणाला बेल्ट काढून बघू. मी नको म्हणलं, बेल्ट काढला की बूस्टही जातो, म्हणजे नॉक असो की आवाज, दोन्ही गप्प होणार आणि आपल्याला काहीच कळणार नाही. त्यापेक्षा बायपास व्हॉल्व तारेने उघडा बांधला. ब्लोअर फिरतोय, हवा आतल्या आत गोल जातेय, बूस्ट शून्य. हलक्या लोडवर ४१०० ला नेली आणि उसळी हजर! प्रत्येक सिलेंडरसाठी सेन्सर ज्या ठरलेल्या क्षणी ऐकतो त्या चारही खिडक्यांत सारखीच. बूस्टच नाही तर नॉक कुठला?

ब्रॅकेट हातभर लांब, दोनच ठिकाणी पकडलेलं, आणि त्यातला एक बोल्ट सेन्सरच्या बाजूच्याच बॉसवर, म्हणजे ब्लॉकवरच्या बोल्टच्या उंचवट्यावर. ४१०० ला ते झणझणत होतं.

आता ट्यूनरने पलटी मारली. "मग सोप्पंय, ४००० च्या वर सेन्सरचं ऐकणंच बंद करतो." मालक खूष, त्याला ताकद मिळत होती. खरं सांगायचं तर असं सर्रास करतात. मी अडून बसलो, तेव्हा काही मोठं ज्ञान होतं म्हणून नाही, वाजणारा पत्रा सोडून कान बंद करणं पटत नव्हतं इतकंच. ब्रॅकेटला ब्लॉकपर्यंत तिसरा आधार करून लावला आणि ४१०० ची उसळी गायब.

नेहमीचं पेट्रोल भरून डायनोवर परत पुल घेतला, म्हणजे पूर्ण जोर देऊन गाडी वरपर्यंत नेली. टायमिंग आता पूर्ण टिकलं, ताकद चढत गेली आणि ५६०० ला परत नॉक. ह्यावेळी फक्त तिसऱ्या सिलेंडरला. कानाला हेडफोन लावून ऐकलं तर बारीक टणटण स्पष्ट. तिसऱ्याचा प्लग काढला, पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपूड पडल्यासारखे काळे ठिपके आणि त्यात एक चमकणारा कण. अल्युमिनियम. पिस्टनचं.

म्हणजे बघा, इतका वेळ खोट्या नॉकमुळे ईसीयू टायमिंग दाबत होता म्हणून खरा नॉक वर येतच नव्हता. माझे प्लग स्वच्छ होते ते त्या खोट्या आवाजाच्या कृपेने. जास्त ऑक्टेन आणि मागे घेतलेलं टायमिंग, दोन्ही टेस्टनी आवाज उघडा पाडला आणि त्याच वेळी खरा नॉक झाकला. आणि ४००० च्या वर सेन्सर बंद करून गाडी गेली असती तर ५६०० ला सांगणारं कोणीच नव्हतं, तिसऱ्याची रिंग लँड गेली असती आणि बोट आलं असतं माझ्या रिंग गॅपवर.

तिसराच का? ट्यूनर म्हणे इंजेक्टर. पहिल्याचा आणि तिसऱ्याचा इंजेक्टर अदलाबदल केला, नॉक तिसऱ्यालाच राहिला. माझा संशय त्या देखण्या प्लेनमवर, ब्लोअरचं तोंड जवळजवळ तिसऱ्या रनरसमोर, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरच्या हवेच्या नळीसमोर, उघडतं, तिथे हवा जास्त जाते आणि मिक्श्चर पातळ पडतं. प्लेनम कापून नवा करू म्हणलं तर मालकाला थांबायचं नव्हतं. शेवटी तिसऱ्याला वेगळं जास्तीचं पेट्रोल आणि २ डिग्री कमी टायमिंग, सेन्सर रेडलाइनपर्यंत चालू. चालतंय व्यवस्थित, पण लोखंडातला दोष आकड्यांनी झाकलाय हे मला आवडलेलं नाही.

जाताना मालकाने विचारलं, अजून बूस्टसाठी ब्लोअरवर आणखी एक साइज लहान पुली बसेल का? प्लेनम बदलल्याशिवाय मी पुलीला हात लावणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. तो दुसरीकडून बसवून घेईल बहुतेक, पुली बदलायला एक पुलर आणि थोडा वेळ, बाकी काही लागत नाही.